हाडांची उजवी-डावी बाजू

बायबलमधले प्राचीन इस्रायली लोक बळीचा पशू अख्खा जाळायचे, मग मेजवानी कुठली, असा प्रश्न पडतो. अख्खा जाळणं हे होमार्पण या एका प्रकारच्या बळीचं. शांत्यर्पण या दुसऱ्या प्रकारात चरबी वेदीवर जायची आणि बरंचसं मांस अर्पण करणाऱ्यांच्या पंगतीला. उजवी मांडी मात्र याजकाची, म्हणजे पुरोहिताची (बायबलमधलं लेवीय हे पुस्तक, अध्याय ७). आता गंमत बघा. उत्तर इस्रायलमधल्या तेल दानच्या पूजास्थानी, इ.स.पू. ९व्या-८व्या शतकांतल्या थरांत, पश्चिमेच्या खोल्यांमध्ये उजव्या बाजूची हाडं जास्त सापडली, अंगणात डाव्या! म्हणजे उजवा वाटा याजकांकडे खोल्यांत जात असावा. खोल्यांत खुराजवळची हाडंही जास्त. याजकाच्या वाट्याच्या कातड्याबरोबर आली असावीत. एबाल डोंगरावरच्या बांधकामाला काही जण बायबलमधली वेदी मानतात, पण ते वादग्रस्त आहे; बळीच्या प्रथेसाठी त्यापेक्षा मला तेल दानचा हा पुरावा भक्कम वाटतो. एबालला हरणाचीही हाडं निघालीत, आणि हरीण खायला चालायचं, बळीच्या यादीत नव्हतं.