नथीचं 'पाणी उतरलं' म्हणजे नक्की काय?

शेंगाचटणी:
आज्जीचं कपाट आवरताना तिची जुनी वही सापडली, त्यात दागिन्यांची यादी आहे. बोरमाळ, ठुशी, पुतळ्यांची माळ, प्रत्येकापुढं तोळे-मासे लिहिलेत. नथीपुढं मात्र वजन नाही, नुसतं 'पाणी उतरलंय'. मामेभाऊ कॅनडात असतो, त्याला ही यादी इंग्रजीत करून पाठवायचीय, तर मी लिहिलं की मोत्यांची चमक गेलीय. धाकटी मावशी म्हणते साफ चूक, नथ सोन्याची नव्हतीच, सोन्याचं पाणी दिलेली होती, ते उतरलं. मोठी म्हणते आमच्या आईच्या लग्नातली नथ गिलिटाची कशी असेल. आठ दिवस झाले दोघी बोलत नाहीत. आणि सराफाकडं नेऊन कस लावून बघा असं कृपया सांगू नका, नथ वहीत आहे, डब्यात नाही.

बाळीवेस:
माझे आजोबा सराफ कट्ट्यावर कारागीर होते, त्यांच्या तोंडची भाषा सांगतो. मोत्याला पाणी *असतं*, म्हणजे आतून येणारी झळाळी, ते *जातं* किंवा *मरतं*. तांब्या-चांदीवर सोन्याचं पाणी *देतात* किंवा *चढवतात*, आणि जे चढतं तेच उतरतं. म्हणून धाकट्या मावशी बरोबर. शिवाय वजन नाही हे बघा की, सोनं असतं तर आज्जींनी गुंजेपर्यंत लिहिलं असतं.

कडकभाकरी:
असं काही नसतंय ओ. आमच्या घरी मोत्याचं पाणी उतरलं असंच म्हणतात, आईच्या तन्मण्याचं उतरलंय म्हणून रोज ऐकतो. आणि नथीचं वजन लिहून करायचं काय, त्यात मोती, माणकाचा खडा सगळं तारेत ओवलेलं, खालचं सोनं किती ते मोडल्याशिवाय कसं कळणार?
नवीन लोकांसाठी सांगतो, मोती हा दगड नाही, शिंपल्यातल्या जिवानं थरावर थर चढवून केलेला चुना म्हणा. घाम, सेंट, लिंबू, काहीही आंबट लागलं की वरचा थर खराब होतो आणि मोती दुधाळ, मेल्यासारखा दिसतो. म्हणून मोती सगळ्यात शेवटी घालायचे आणि सगळ्यात आधी काढायचे. कल्चर मोती पण खरेच असतात हां, फक्त शिंपल्यात सुरुवात माणसानं करून दिलेली, जपानच्या मिकिमोतोला १८९३ मध्ये जमलं ते. आज्जीच्या नथीत बसरा, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, असतील तर तो मामला वेगळाच.

जुनामास्तर:
अर्थ काय लागायचा तो लागो, पण 'गिलीट' आणि 'कल्चर' हे शब्द वाचून वाईट वाटलं. मुलामा हा चांगला मराठी शब्द असताना इंग्रजी 'गिल्ट'चं मोडकं रूप कशाला?

बाळीवेस:
मास्तर, मुलामा अरबी आहे.

जुनामास्तर:
रुळलेला आहे.

बाळीवेस:
मग गिलीट पण रुळलंय की, माझ्या पणजीच्या तोंडी होतं. हिऱ्याला पाडतो ते पैलू फारसी पहलूवरनं आले. आणि गंमत बघा, फारसीत आब म्हणजे पाणी आणि आब म्हणजे झळाळीसुद्धा, म्हणून आबदार मोती. आबरू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी. आपण आब राखतो तेव्हा पाणीच राखतो.

कडकभाकरी:
हे लई भारी. आणि लोहार कोयत्याला पाणी देतो ते तिसरंच, तापवून पाण्यात बुडवलं की धार टिकते. माणसाचं पाणी जोखणं त्यातनंच आलं असणार, माझा तर तसाच अंदाज आहे.

नवीनसून:
मधेच विचारते, सॉरी. दुकानात म्हणाले अंगठी १८ कॅरट आणि हिरा पाव कॅरट. मी घरी येऊन म्हटलं हिरा फारच अशुद्ध दिला, तर सगळे हसले.

बाळीवेस:
हसणाऱ्यांना अर्थ विचारायचा होता. सोन्याचा कॅरट म्हणजे २४ भागांतले किती भाग सोनं. १८ म्हणजे पाऊण. २२ भागिले २४ केलं की हॉलमार्कवरचं ९१६ येतं. हिऱ्याचा कॅरट हे वजन, १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, तुमचा हिरा ५० मिलिग्रॅमचा. शुद्धतेशी काही संबंध नाही. मूळ शब्द एकच, एका झाडाच्या बियांवरनं आलेला, आपल्या गुंजेसारखाच. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, तो पडतो ११.६६ ग्रॅम. हल्ली दुकानात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, म्हणून शेंगाचटणी, आज्जींच्या यादीतले तोळे १० नं गुणू नका, नाहीतर प्रत्येक तोळ्यामागं दीड ग्रॅमहून जास्त सोनं कॅनडाला कमी कळेल.

जुनामास्तर:
गुंज, मासा, तोळा. बघा किती सुंदर शब्द, आणि मोती तर थेट संस्कृत मौक्तिकावरून.

गड्डायात्रा:
का ओ मास्तर, सोलापुरात राहून असं बोलूलालाव? आमच्या घरी कन्नड, मोत्याला मुत्तू म्हणतो. शेजारचे पद्मशाली तेलुगूत मुत्यम् म्हणतात. मोती निघायचे दक्षिणेच्या समुद्रात, मग शब्द काय हिमालयातनं आला? संस्कृतनंच इकडनं उचलला.

जुनामास्तर:
मुक्ता म्हणजे शिंपल्यातून मुक्त झालेली. व्युत्पत्ती स्वच्छ आहे.

गड्डायात्रा:
ती मागनं जुळवलेली आहे. तसं तर सोलापूर म्हणजे सोळा पूर पण म्हणतात.

शेंगाचटणी:
वही परत सगळी चाळली. एका पानावर 'अडकित्त्याला पाणी दिलं', हे लोहाराचं दिसतंय. आणि यादीतच खाली 'मोत्याच्या कुड्या, पाणी गेलंय'. म्हणजे आज्जी मोत्याला 'गेलंय' म्हणायची आणि नथीला 'उतरलंय'. धाकटीला अजून सांगितलं नाही.

बाळीवेस:
घ्या! मी काय म्हणत होतो.

कडकभाकरी:
थांबा. कुड्यांपुढं वजन लिहिलंय का?

शेंगाचटणी:
नाही.

कडकभाकरी:
मग वजनाचा मुद्दा तर गेला. का कुड्या पण गिलिटाच्या होत्या?

शेंगाचटणी:
कुड्या मोठ्या मावशीच्या कानात आहेत. तिला विचारायचं कुणी?

गड्डायात्रा:
मास्तर, पोवळं तरी संस्कृत आहे का बघून सांगा, तमिळमध्ये पवळम् म्हणतात.