कनाकारियाची मोझेक चित्रे : पैसे मोजूनही खरेदीदाराचा हक्क का टिकला नाही?

वाटसरू : सायप्रसच्या उत्तर भागातील लिथ्रांगोमी गावी पनाया कनाकारिया हे जुने चर्च आहे. त्याच्या वेदीमागच्या अर्धगोल छतावरची सहाव्या शतकातील मोझेक चित्रे १९७४ च्या तुर्की आक्रमणानंतरच्या काळात उखडून नेली गेली. त्यांतले बाल येशू, एक देवदूत, मत्तय आणि याकोब असे चार तुकडे अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसच्या एका कलाविक्रेत्या बाईंनी १९८८ मध्ये जिनिव्हात दहा लाखांहून अधिक डॉलर देऊन घेतले. सायप्रसने अमेरिकेत दावा लावल्यावर, रोख पैसे मोजणाऱ्याला न्यायालयाने ते परत का करायला लावले?

दौतटाक : चोराकडे मुळात मालकी नसल्यामुळे माल पुढे कितीही हातांतून गेला तरी ती कोणालाच मिळत नाही, असे इंडियानाचा कायदा मानतो. स्विस कायदा प्रामाणिक खरेदीदाराला अधिक सांभाळून घेतो आणि बाईंची भिस्त त्यावरच होती. पण तो लावला तरी निकाल बदलणार नाही, असे न्यायाधीश जेम्स नोलंड यांनी १९८९ मध्ये स्पष्ट केले. लष्कराच्या ताब्यातील प्रदेशातून आलेली चर्चची चित्रे घाईघाईने घेताना पुरेशी चौकशी न करणाऱ्याला प्रामाणिक कसे म्हणावे? १९९० मध्ये अपिलातही हाच निकाल कायम राहिला.

पिंपळपान : दावा किती काळात लावायचा, या मुदतीचा मुद्दाही महत्त्वाचा होता. चोरी कळताच सायप्रसने युनेस्कोसह अनेक संस्थांना कळवले होते, म्हणून दावा उशिरा आला असे म्हणता आले नाही. शिवाय बायझंटाईन कलेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील डंबर्टन ओक्स संस्थेने या चित्रांचा सचित्र अभ्यास १९७७ मध्येच छापलेला असल्याने ओळख पटण्यात अडचण नव्हती. हेच तुकडे दोन कोटी डॉलरांना अमेरिकेतील गेटी संग्रहालयापुढे विक्रीसाठी ठेवले गेले, तेव्हा तिथल्या अभिरक्षकांनी सायप्रसला सावध केले. माझ्या मते खटल्याचे पारडे तिथेच फिरले.

जुनाबाजार : प्रत्येक खरेदीदाराला एकाच मापाने मोजू नये. उत्तर सायप्रसमधल्याच लिसी गावच्या चर्चमधून चोरलेली, अडतीस तुकडे झालेली तेराव्या शतकातील भित्तिचित्रे ह्यूस्टनच्या मेनिल प्रतिष्ठानाने सायप्रसच्या चर्चची संमती घेऊन विकत घेतली, त्यांची डागडुजी केली, आणि ती २०१२ मध्ये सायप्रसला परत गेली.

वाटसरू : आभारी आहे. कनाकारियाचे तुकडे आता कुठे आहेत?

पिंपळपान : १९९१ पासून निकोसियाच्या बायझंटाईन संग्रहालयात आहेत. त्याच चर्चमधून गेलेला संत मार्कचा तुकडा मात्र थेट २०१८ मध्ये मोनॅकोत सापडला.