चर्चा : परदेशी होस्ट फॅमिलीकडे वर्षभर राहायला जाणाऱ्या मुलाला घरून काय शिकवून पाठवायचं?

फोंड्याची आई
माझी मुलगी अकरावीच्या वयात विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून वर्षभर अमेरिकेत, ओहायोत एका होस्ट फॅमिलीकडे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला घरी ठेवून घेणाऱ्या कुटुंबात, राहून आली. आता शेजारचा मुलगा ऑगस्टमध्ये निघतोय. त्याच्या घरी जाकीट, बॅगेचं वजन आणि इंग्रजीचा क्लास एवढंच चाललंय. माझ्या मते खरी तयारी जेवणाच्या टेबलावर करावी लागते.

आपल्याकडे पाहुण्याने आधी ‘नको’ म्हणायचं आणि यजमानाने आग्रह करायचा. लेकीला मी तेच वळण लावलं होतं. तिथे पहिल्या रात्री ती ‘नको’ म्हणाली आणि त्यांनी भांडं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं. त्यांच्या लेखी तो तिच्या शब्दाचा मान होता. पोर दोन आठवडे अर्धपोटी झोपली. म्हणून सांगते, जायच्या दोन महिने आधीपासून घरातच सवय लावा. भूक असेल तर पहिल्याच खेपेला ‘हो’. ‘नको’ म्हटलं तर आपणही पुन्हा वाढायचं नाही. हे मुलांपेक्षा आपल्यालाच जड जातं.

दुसरं म्हणजे बाथरूम. तिथे आंघोळीचा टब सोडला तर बाकी जमिनीला सहसा मोरी नसते. पडदा टबाच्या आत न घेता शॉवर सोडला तर पाणी खालच्या मजल्यावर गळू शकतं. आणि रोज फोन करू नका, आठवड्याला एकदा पुरे.

म्हापशाचा बाबा
फोनचं अजिबात पटलं नाही. माझं सोळा वर्षांचं मूल परक्या घरात राहणार. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्या घरातल्या प्रत्येक प्रौढाची गुन्ह्यांची नोंद तपासतात आणि कार्यक्रमाचा स्थानिक समन्वयक महिन्यातून एकदा मुलाशी बोलतो, हे मी वाचलंय. पण मधल्या तीस दिवसांचं काय? तुमचीच लेक दोन आठवडे उपाशी होती. रोज बोलला असतात तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

फोंड्याची आई
तेव्हा रोजच बोलत होते हो. मी रोज ‘जेवलीस?’ विचारायचे आणि ती रोज ‘हो’ म्हणायची. मला काळजी नको म्हणून. शेवटी सांगितलं ते होस्ट आईला, आणि त्याच दिवशी प्रश्न मिटला. जी अडचण घरातली, ती आधी त्या घरात बोलायची, मग समन्वयकाकडे. मात्र कुणी अंगाला हात लावला, फोन काढून घेतला, खोलीचं दार बंद करू दिलं नाही, तर मध्यरात्रीही आम्हाला फोन, हे मी निघण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. लाजायचं नाही, उघड बोलायचं.

डिचोलीची शिक्षिका
सगळं मुलानेच का बदलायचं? होस्ट फॅमिली ठरली की मुलाने त्यांना पत्र लिहावं : आमच्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, मी लाजलो तर पुन्हा विचारा. ही माणसं पैसे घेऊन ठेवत नाहीत, अमेरिकेच्या या कार्यक्रमात मोबदल्याला मनाई आहे. ती हौसेने घर उघडतात, त्यांना हे कळायला हवं असतं.

आणि लशींचं कार्ड विसरू नका, तिथली शाळा प्रवेशाला मागते. आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, दिलेली असते. तिथे क्षयाची त्वचेवरची चाचणी केली तर ती त्यामुळे पॉझिटिव्ह दिसू शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, ती करून द्या म्हणावं.

साखळीचा विद्यार्थी
मी जर्मनीत होतो. बाथरूम दोन दिवसांत जमतं, त्यावर एवढा वेळ नको. पैशांचं आधी विचारा : शाळेतलं जेवण, मोबाईलचं बिल, सगळे बाहेर गेलो तर माझा पिझ्झा कोणाच्या खिशातून? मी महिनाभर विचारलंच नाही आणि दर वेळी पाकीट काढायचं की नाही याने जीव टांगणीला लागायचा.

रात्री गरम जेवण मिळेलच असं धरून चालू नका. माझ्या होस्ट फॅमिलीकडे संध्याकाळी पाव, चीज, काकडी. पेज आठवायची. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच आणून ठेवायचं. मी घरून आमसुलं नेली होती. डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी केली, ती तिथल्या आजीला फार आवडली.

बाबा, तुम्हाला एक सांगतो. पोचून महिना होत नाही तोच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. घरच्यांनी संध्याकाळच्या आरतीला व्हिडिओ कॉल लावला, तिथे दुपारचे चार वाजले होते. फोन ठेवल्यावर मी दोन दिवस खोलीबाहेर आलो नाही. त्या घरच्यांना वाटलं, त्यांचंच काही चुकलं. चवथीला बोलायचं असेल तर होस्ट फॅमिलीलाही शेजारी बसवून बोला.

म्हापशाचा बाबा
चवथीचं तसंच करीन. रोजच्या फोनबाबत माझं मत बदललेलं नाही, ‘जेवलास?’ मात्र विचारणार नाही. लशींचं कार्ड आज शोधायला घेतलं. आरोग्य केंद्रातलं ते जुनं कार्ड आमच्या आईच्या ट्रंकेत असावं.