हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल: शब्दांची नाती शोधायला काय वापरता?

शब्दवेडी
मुलगी आठवीत आहे, परवा विचारत होती की आई हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल हे सगळे सारखेच का दिसतात. मला काही सांगता येईना. अशी नाती शोधायला चांगली साइट किंवा कोश सांगा ना, फार जड नको, तिला स्वतःला वाचता यायला हवं.

जुना_वाचक
ताई, एटिमऑनलाइन ही इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारी साइट बघा. फुकट आहे, एका शब्दाखाली त्याचे भाऊबंद पण दिसतात. तुमच्या तिन्ही शब्दांचं मूळ लॅटिन होस्पेस, म्हणजे यजमान आणि पाहुणा दोन्ही. हॉस्पिटल आधी वाटसरू आणि गोरगरिबांच्या आसऱ्याची जागा होती, आजाऱ्यांची नंतर झाली. हॉस्टेल जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मग फ्रेंचांकडे मधला स गळाला आणि तोच शब्द काही शतकांनी हॉटेल होऊन परत आला. चीफ आणि शेफचंही तसंच, चीफमध्ये फ्रेंचचा जुना च राहिला, शेफ १९व्या शतकात आला तोवर तिकडे त्याचा श झाला होता. मुलीला क्षेत्र आणि शेत, हस्त आणि हात सांगा, एकच शब्द दोन वाटांनी कसा येतो ते लगेच कळेल.

कोकणकडा
आणि आपलं इस्पितळ विसरू नका!! ते पोर्तुगीजांकडून आलं, म्हणजे हॉस्पिटलचं सख्खं भावंडच. पगार पण पोर्तुगीजच, पागार म्हणजे पैसे देणे. त्याचं मूळ लॅटिन पाकारे, शांत करणे, देणेकऱ्याने पैसे टाकून सावकाराला शांत करायचं असं ते, आणि इंग्रजी पे तिथूनच, पीस म्हणजे शांतता, तो पण त्याच घरातला. मला हे कळलं तेव्हा दिवसभर भेटेल त्याला सांगत होतो. भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांसाठी १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन हा कोश बघा, नेटवर फुकट आहे, पण तो तुमच्यासाठी, मुलीला आत्ता जड जाईल.

जुना_वाचक
एक कळकळीने सांगतो, व्हॉट्सॅपवरच्या गोष्टी तिला आधी तपासायला शिकवा. न्यूज म्हणजे नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं, ते साफ चूक आहे, न्यू म्हणजे नवं, त्याचंच अनेकवचन. आद्याक्षरं जोडून जुन्या शब्दाचा अर्थ कोणी सांगितला की कोश उघडायचाच.

शब्दवेडी
खूप आभार दोघांचे. पगार आणि पीस तिला आज जेवताना सांगते, इस्पितळ तिला स्वतःलाच शोधू देते.