बेंजोचा टोन: वाद्यात किती, हातात किती?

हळदीत, पालखीत, गणपतीच्या मिरवणुकीत एवढ्या गलक्यातून एखादा बेंजो (बटणं दाबून वाजवायचा आपला बुलबुल तरंग) असा बोलतो की नाचणारेही मान वळवून बघतात. तो गोडवा येतो कुठून? ठाणे-नवी मुंबईतल्या वाजवणाऱ्यांनी, दुरुस्ती करणाऱ्यांनी, साउंडवाल्यांनी नेमकं लिहा.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
हातातून, दुसरं काही नाही. बटण दाबलं की तार पडद्यावर (खालच्या आडव्या पट्टीवर) टेकते, सोडलं की मोकळा सा वाजतो. कच्च्या हाताच्या वादनात दोन सुरांच्या मधे जे टुंग टुंग ऐकू येतं ते हेच. मुरलेला वादक रे वरून ग ला जाताना ग दाबल्यावरच रे सोडतो. घोडीच्या (तारा ज्या आधारावरून जातात त्याच्या) सर्वांत जवळचा दाबलेला पडदाच वाजतो, त्यामुळे मागचं बटण खाली राहिलं तरी बिघडत नाही. उतरताना मात्र ग सोडायच्या आधी रे दाबून तयार लागतो. कोळीगीताच्या पळत्या लयीत हे एकदाही न चुकवणाऱ्याला मी मनापासून मानतो.

ऐरोली
डावा हात मान्य, पण उजव्याचं काय? बेंजोचा सूर पटकन विरतो, म्हणून लांब सुरावर नखी (तार छेडायची चकती) खाली-वर भरभर फिरवावी लागते, तीही मनगटातून. कोपर हलायला लागलं की आघात कमी-जास्त पडतात. घोडीजवळ छेडलं तर आवाज टोकदार, बटणांकडे सरकलं तर गोल. उस्ताद वादक एकाच गाण्यात ध्रुवपद टोकदार आणि कडवं गोल वाजवतात. घोडीच्या पलीकडच्या तारेवर तळहात हलका दाबला की सूर किंचित चढतो. गळ्यासारखा कंप तिथून येतो.

घणसोली (दुरुस्ती)
वाद्य बेसूर असेल तर हात काय करणार! आधी मोकळा सा आणि बाराव्या पडद्यावरचा वरचा सा ताडून बघा. वरचा चढा लागला तर घोडी बटणांपासून थोडी लांब सरकवा, उतरला तर जवळ आणा. एकच बटण झणझणत असेल तर त्या पडद्यावर तारेने चर पाडलीय का ते बघा. बटण वर यायला आळस करतंय? स्प्रिंग थकलीय, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलंय. तिथे तेल अजिबात घालू नका, धूळ बसून चिकटा होतो. खाडीकाठच्या हवेत तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि सुराच्या तारा (बटणांखालच्या) जोडीनेच बदला. एक नवी, एक जुनी ठेवली की आवाज एकजीव होत नाही.

कळवा (साउंड)
पिकअप (तारेचा कंप पकडून साउंडला देणारा भाग) चुंबकाचं असतं, म्हणून तारा पोलादीच हव्यात. जनरेटरजवळ घूं आवाज आला तर वादकाला जागेवरच थोडं वळायला सांगा, दिशा बदलली की बराच कमी होतो. तार किंवा घोडीला हात लावल्यावर घूं थांबत असेल तर अर्थिंगची वायर बघा. स्पीकर वादकाच्या पाठीशी लावू नका, शिट्टी मारतो. गेन (येणारा आवाज वाढवायचं बटण) फार चढवला की दोन सूर एकमेकांत मिसळून फाटतात आणि वर चेंदणीकरांनी सांगितलेली ती सफाई कुणालाच ऐकू येत नाही.

दिवाळे, बेलापूर
नवशिक्यांसाठी: कातडं मढवलेला अमेरिकन बँजो वेगळा. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, मूळ जपानी ताइशोगोतो, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये बनवलेलं. सुराच्या तारा एकाच सा ला आणि साथीच्या (बटणांबाहेरच्या, मोकळ्याच वाजणाऱ्या) सा-पंचमात लावा. मिरवणुकीत साथीच्या तारांवर कापडाची पट्टी ठेवून त्या बंद करा, नाहीतर स्पीकरवर गुणगुण वाढते.