शब्द हवा : 'प्लॅटफॉर्म न्यूट्रल'

बीबीसीच्या आयप्लेयर या इंटरनेटवर कार्यक्रम दाखवणाऱ्या सेवेबद्दलचा मजकूर मराठीत आणतोय. एप्रिल २००७मध्ये बीबीसी ट्रस्टने, म्हणजे तेव्हा बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने, सेवेला मंजुरी दिली, पण ती 'प्लॅटफॉर्म न्यूट्रल' व्हायला हवी अशी अट घातली आणि दर सहा महिन्यांनी प्रगती तपासायचं ठरवलं. 'व्यासपीठ-तटस्थ' चालेल का?

> व्यासपीठ नको, तिथे हारतुरे आणि भाषणं आली! 'मंचनिरपेक्ष' घ्या. धर्मनिरपेक्षच्या चालीवर लगेच कळतो.

>> कळतो, पण इथे चुकीचा अर्थ कळेल. निरपेक्ष म्हणजे ज्याला कशाची अपेक्षा नाही. प्रोग्रॅम कोणत्याही यंत्रणेवर आहे तसा चालला, तर तो मंचनिरपेक्ष. आयप्लेयर तसा कधी नव्हताच. जुलै २००७मध्ये चाचणी आवृत्ती आली ती फक्त विंडोज एक्सपीसाठी, कारण डाउनलोड केलेला कार्यक्रम मुदतीनंतर बंद पाडणारं कुलूप मायक्रोसॉफ्टचं होतं. मॅक आणि लिनक्सवाले चिडले ते रास्तच. बीबीसी ज्यावर चालते ते टीव्हीचं परवाना शुल्क तेही भरत होते. डिसेंबरात फ्लॅश या व्हिडिओ दाखवणाऱ्या तंत्रावरून थेट ब्राउझरमध्ये बघायची सोय झाली आणि त्यांना दार उघडलं. आयफोनवर फ्लॅश चालत नव्हतं, म्हणून मार्च २००८मध्ये त्याच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. मग निन्टेन्डोचा वी हा गेम खेळायचा संच. म्हणजे दर ठिकाणी नव्याने खटपट. ट्रस्टची अट प्रोग्रॅमच्या गुणाबद्दल नव्हतीच, प्रसारकाने कुणाला झुकतं माप देऊ नये याबद्दल होती. म्हणून 'तटस्थ' बरोबर आणि 'व्यासपीठ' चूक. 'मंच-तटस्थ' म्हणा. (मला स्वतःला 'मंच'ही नाटकी वाटतो, पण 'फलाट' म्हटलं की गाडीच दिसते.)

पटलं. आणि 'ऑन डिमांड'? 'मागणीनुसार' लिहिलंय.

>> 'मागणीनुसार' वाचून माल बनवून देणारा कारखाना आठवतो. 'हवं तेव्हा' सोपं आहे.

> 'हवं तेव्हा' कसं? सुरुवातीला बहुतेक कार्यक्रम प्रसारणानंतर सातच दिवस ठेवत. मुदत तीस दिवसांची झाली ती २०१४मध्ये.

>> मुदत ही सेवेची अट, शब्दाचा अर्थ नव्हे. वेळापत्रक वाहिनीचं की प्रेक्षकाचं, एवढाच फरक 'ऑन डिमांड' सांगतो. सात दिवसांचा उल्लेख पुढच्या वाक्यात करा.

मग असं लिहितो : 'हवं तेव्हा कार्यक्रम दाखवणारी ही सेवा मंच-तटस्थ असावी, म्हणजे संगणक किंवा फोन कोणत्या कंपनीचा आहे यावरून प्रेक्षकांत भेद होऊ नये.'

> 'म्हणजे'च्या पुढचं ठेवा, 'मंच-तटस्थ' काढलात तरी वाक्याचं काही अडत नाही.