‘एक्स-मेन’मधला कोणता प्रसंग दाखवू?

प्रश्न (ठाणे): नववीच्या वर्गात पूर्वग्रहावर तासभर चर्चा घ्यायची आहे. ‘एक्स-मेन’ या चित्रपटमालिकेतलं नेमकं काय दाखवू?

उत्तर १: २००३चा दुसरा भाग घ्या. बॉबी हा म्युटंट, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती असलेला मुलगा, घरी कपातला चहा गोठवतो आणि आई विचारते, म्युटंट न होण्याचा प्रयत्न केलास का? तेवढंच दोनदा दाखवा. पुढे सख्खा भाऊच पोलिसांना फोन लावतो, तिथे थांबवा आणि मुलांना बोलू द्या.

उत्तर २: २०००च्या पहिल्या भागाची सुरुवातही घ्या: १९४४, पोलंड, छळछावणीचं फाटक. पण पूर्वग्रहाशी केलेल्या या तुलनेतली एक खोट सांगाच. म्युटंटांकडे खरोखर घातक शक्ती असते, म्हणून लोकांची भीती रास्त वाटते. घोडबंदर रोडला आडनाव ऐकून भाड्याने घर नाकारलं जातं, त्या कुटुंबाकडे कुठली आलीय शक्ती?

प्रश्नकर्ता: हाच प्रश्न फळ्यावर लिहितो.